गीझर, शेगडी आणि बंद खिडकी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दिवाळी झाली की या सदराच्या टपालात गीझर येऊ लागतात. गॅसच्या उपकरणांची दुरुस्ती हा माझा आयुष्यभराचा धंदा, आणि आता पुण्यात नव्या मुलांना तेच काम शिकवतो, त्यामुळे ही पत्रं मी आधी उघडतो. या वेळी बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पहिल्या पत्राच्या वाचकांना तर उत्तर छापून येईपर्यंत थांबवणं शक्यच नव्हतं, त्यांना त्याच दिवशी फोन केला. पण अशी बाथरूम फक्त त्यांच्याच घरात नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

प्रश्न: आमच्या बाथरूममध्ये बारा वर्षांपूर्वी बसवलेला गॅस गीझर आहे. गेल्या आठवड्यात पत्नी डोक्यावरून अंघोळ करून बाहेर आली आणि दारातच कोसळली. शुद्ध लगेच आली, पण दिवसभर डोकं दुखत होतं, एकदा उलटीही झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. बीपी, शुगर, ईसीजी सगळं नॉर्मल, अशक्तपणा असेल म्हणाले. गीझरवाल्याला बोलावलं, त्याने साबणाचा फेस लावून सगळे जोड तपासले, लीकेज कुठेच नाही. बाथरूमला वर छोटी खिडकी आहे, थंडीत ती बंदच असते. एक्झॉस्ट फॅन बसवला तर चालेल का? (वाचक, नाशिक रोड)

उत्तर: आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि हा गीझर आहे त्या जागी पुन्हा पेटवू नका. फॅन बसवूनही नको. घरात कोणालाही, एकदाही नको. काही दिवस चुलीवर किंवा गॅसच्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवा. तेवढा त्रास परवडला.

तुमच्या गीझरवाल्याने तपासलं ते चुकीचं नाही, पण ते वेगळ्याच धोक्यासाठी आहे. साबणाच्या फेसाने न जळलेला गॅस कुठून निसटतोय का ते कळतं. त्या गॅसला मुद्दाम घाणेरडा वास दिलेला असतो, त्यामुळे तो नाकालाही कळतो. तुमच्या पत्नीला त्रास झाला तो जळलेल्या गॅसचा. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे हवेत थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातली शक्ती जाते. या तिसऱ्या पायरीमुळे माणसं दगावतात. काहीतरी बिघडलंय हे कळलेलं असतं, पण उठून कडी काढण्याइतकी ताकद उरलेली नसते. पत्नी दारापर्यंत पोचल्या, हे फार मोठं नशीब.

माझ्या विद्यार्थ्यांकडून मी एक हिशेब फळ्यावर करून घेतो, तो तुमच्या बाथरूमला लावून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण जोरात चालला की तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम मोठे करून ठेवावेत तेवढी ही आग आहे. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. फोनवर तुम्ही बाथरूमचं माप पाच बाय सहा सांगितलंत. आठ फूट उंची धरली तर आत सगळी मिळून जेमतेम सात घनमीटर हवा. केस धुवायचे म्हणजे गीझर पाव तास चालणार. पाव किलो गॅस, तीन घनमीटर हवा. दाराच्या फटीतून थोडीफार हवा येते हे खरं, पण ती पुरत नाही. आणि सगळी हवा संपायची वाटही पाहावी लागत नाही. हवेत ऑक्सिजन एरवी २१ टक्के असतो, तो १८ च्या आसपास उतरला की ज्वाला बिघडायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. म्हणजे गीझर अगदी नवा असता तरी या जागी तो धोकाच होता.

बारा वर्षांत त्यात भर पडली. जुन्या गीझरचं पुढचं झाकण काढलं की बर्नरच्या वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांची रांग दिसते, त्यांना आम्ही फिन्स म्हणतो. त्यांच्यामधून गरम वायू वर जायचा असतो. एकदा ज्वाला पिवळी झाली की या फटींत काजळी बसते. काजळीमुळे वायूची वाट अरुंद होते, त्यामुळे ज्वालेला हवा आणखी कमी मिळते, ती आणखी पिवळी होते आणि आणखी काजळी धरते. असा गीझर आपोआप सुधारत नाही, बिघडतच जातो. खाली बर्नरच्या तोंडाशी धूळ आणि कोळ्याची जाळी सापडतात. पावसाळाभर गीझर बंद असतो तेव्हा कोळ्याला ती जागा आवडते. बाहेरून मात्र पांढरं झाकण स्वच्छ, पाणी कडक गरम, त्यामुळे घरच्यांना वाटतं गीझर उत्तम चाललाय. निळी, स्थिर ज्वाला असावी. पिवळी किंवा नारिंगी, लवलवणारी ज्वाला, झाकणावर वरच्या बाजूला काळपट डाग, ही लक्षणं दिसली की सर्व्हिसिंग होईपर्यंत गीझर वापरायचाच नाही. पण एक लक्षात असू द्या, निळी ज्वाला दिसली म्हणून बंद बाथरूम सुरक्षित होत नाही.

जाता जाता पाइपच्या गॅसबद्दल. सिलिंडर जाऊन सोसायटीत पाइपलाइन आली असेल तर गीझरचे जेट बदलून घ्यावे लागतात, दोन्ही गॅसना वेगळ्या मापाची भोकं लागतात. शेगडीचे जेट कंपनीचा माणूस बदलून जातो, आणि बाथरूममधल्या गीझरची आठवणच कोणाला राहत नाही.

आता फॅन. फॅनचं बटण कोणीतरी दाबायचं असतं. लाइट गेली की फॅन बंद, गीझर मात्र बॅटरीच्या ठिणगीवर पेटतो आणि चालूच राहतो. शिवाय हवा आत यायला वाट नसेल तर फॅन नुसता फिरतो. ज्या गीझरला धुराची नळी आहे तिथे तर तो नळीतला वायू उलटा आत ओढू शकतो. माणसाच्या आठवणीवर अवलंबून असलेली सुरक्षितता मी कुठल्याच घराला सुचवत नाही.

गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत न्या आणि आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ द्या. ड्राय बाल्कनी चालेल, पण ती खरंच उघडी असेल तरच. पुण्या-नाशिकात ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून वॉशिंग मशीनची खोली करायची पद्धत पडली आहे. अशा बाल्कनीत गीझर लावला तर तो पुन्हा खोलीतच आला. इमारतीच्या डक्टमध्येही लावू नका. तुमचा वायू वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून आत शिरेल आणि त्या माणसांना कशाने झालं ते कळणारही नाही. उघडी जागा नसेल तर आयएसआय मार्कचा विजेचा गीझर घ्या. बिल थोडं वाढेल. तुमचा बारा वर्षांचा गीझर दुसऱ्या कोणाला देऊ नका, भंगारवाल्यालाही आधी त्याचा बर्नर काढून मगच द्या.

डॉक्टरांच्या कामाबद्दल माझ्या अधिकाराबाहेर बोलत नाही, पण एक गोष्ट प्रत्येक घराने त्यांना सांगायला हवी: ‘चक्कर गॅस गीझर चालू असताना आली.’ हे वाक्य आपण बोललो नाही तर त्यांना ते कळायचा मार्ग नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला सारखंच दिसतं, तो आरामात ९८ दाखवतो. रक्ताची वेगळी तपासणी असते, कार्बोक्सिहिमोग्लोबिनची, आणि ती लवकर करावी लागते. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातला हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर त्याहून खूप लवकर. तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात, तेव्हा सापडण्यासारखं फार काही उरलेलं नसणार. तरीही पत्नीला एकदा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. काही रुग्णांना पूर्ण बरं वाटल्यानंतर दिवसांनी, कधी आठवड्यांनी विसराळूपणा येतो, चालण्यात फरक पडतो. आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्टनी गॅस गीझरमुळे बाथरूममध्ये येणाऱ्या झटक्यांवर लिहिलेलं आहे. फीट येते म्हणून वर्षभर गोळ्या चालू आणि खरं कारण भिंतीवर टांगलेलं, असं होऊ नये.

आणि घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून सांगा: आत कोणी पडलं तर नुसतं दार वाजवत उभं राहायचं नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दार उघडायचं किंवा तोडायचं, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, १०८ ला फोन करायचा. बाहेरून उघडता येईल अशी कडी बाथरूमला बसवून घ्या. सुतार अर्ध्या तासात बसवतो. धुळवडीच्या दिवशी विशेष जपा. रंग निघेपर्यंत एकामागून एक जण अंघोळीला जातो, गीझर तासन्‌तास बंद होत नाही, आणि दर वर्षी त्या दिवशीच्या बातम्या आपण वाचतो.

प्रश्न: माझं वय चौऱ्याहत्तर. सून बाळंत होऊन आली आहे, नातू झाला. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात, ओवा-बाळंतशेपाची धुरी देतात. मी माझ्या मुलांना दिला, माझ्या सासूने मला दिला. सून म्हणते डॉक्टरांनी नको सांगितलंय. मुलगाही तिचंच ऐकतो. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. आमचं सगळं चुकीचंच होतं का? (एक आजी, निफाड)

उत्तर: आजी, नातवाचं अभिनंदन. तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, कारण हा प्रश्न विचारायला आमच्याही घरात कोणी धजलं नव्हतं.

बाळ-बाळंतिणीला ऊब हवी, यात काहीच चुकीचं नव्हतं. आजही डॉक्टर नवजात बाळाला गरम ठेवायलाच सांगतात. फरक खोलीत पडला आहे. तुम्ही बाळंत झालात ती खोली आठवून पाहा. माळवद असेल किंवा कौलं, धाब्याला धूर जायला धारं असेल, दाराला बोटभर फट असेल, आणि आत-बाहेर करणाऱ्या बायकांमुळे दार कधी पुरतं बंद होत नसेल. तुमच्या आताच्या घराला स्लॅब आहे, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, आणि गार वारा येऊ नये म्हणून फटीत कापडही कोंबलेलं असणार. तीच शेगडी या खोलीत ठेवली की तिचा वायू बाहेर जात नाही. आणि धूर संपून निखारे छान फुलले की आपण म्हणतो आता शेगडी आत घ्या. लालबुंद निखाऱ्याला धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड तो भरपूर सोडतो. म्हणजे आपण शेगडी सुरक्षित झाली समजून आत नेतो, तेव्हा ती तशी झालेली नसते.

बाळाचं तर आणखी वेगळं आहे. त्याचा श्वास आपल्याहून कितीतरी भरभर चालतो, वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. डोकं दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. ते सुस्त होतं, दूध ओढत नाही, आणि आपण म्हणतो शेक लागला, शांत झोपलंय. बाळंतीणही रात्रीच्या जागरणाने थकलेली असते, तिला गुंगी आली तर ती झोप वाटते. धुरीचा धूर नाजूक फुप्फुसांना त्रास देतो, त्यात ओवा असो की वावडिंग. सूनबाईंच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

पण शेक तुमच्या हातून जायला नको. शेगडी अंगणात पेटवा, तिच्यावर तवा ठेवा, सुती कापडाची घडी गरम करून आधी स्वतःच्या गालाला लावून पाहा आणि मग सुनेच्या कंबरेला, पोटऱ्यांना शेक द्या. बाळाला टोपरं, मोजे, आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दुलई, ही सगळ्यात चांगली ऊब. दुलई तोंडावर येऊ देऊ नका. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाला टेकवू नका, कोवळी कातडी पटकन भाजते. मालिश तुम्हीच करा. तो हात दुसऱ्या कोणाला नाही.

घरात कोणाला दिवस गेले असतील तर तिलाही बंद खोलीतल्या शेगडीजवळ बसवू नका. हा वायू नाळेतून पोटातल्या बाळापर्यंत जातो.

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकते. चार मुलींनी मिळून एक जुनं घर भाड्याने घेतलंय. हॉलमध्ये शेकोटीच्या जागी गॅसची शेगडी आहे आणि तिच्या मागेच भिंतीत जुना बॉयलर आहे, त्यावर सगळं घर तापतं. थंडी सुरू झाल्यापासून तिचं डोकं रोज संध्याकाळी दुखतं, कॉलेजात गेली की बरं वाटतं. मैत्रिणीचंही तसंच. थंडी बाधली असेल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ताई, तुम्ही पत्रात लिहिलेली दोन वाक्यं मला घाबरवून गेली: घराबाहेर पडलं की बरं वाटतं, आणि मैत्रिणीचंही तसंच. सर्दी-ताप घरात ठेवून कोणी कॉलेजात जात नाही. मुलीला आजच फोन करा. शेगडी आणि बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, चौघींनी बाहेर पडायचं आणि तिथल्या गॅसच्या तातडीच्या नंबरवर फोन करायचा: ०८०० १११ ९९९. तो चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे. मग डॉक्टरकडे जाऊन कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे असं स्पष्ट सांगून रक्त तपासायला सांगायचं. घर थंड पडेल म्हणून ‘आजची रात्र काढू’ असं त्या म्हणतील. ते ऐकू नका, मैत्रिणीकडे झोपू देत.

भिंतीतले हे बॉयलर जुन्या चिमणीचीच वाट वापरतात. चिमणीत पक्ष्याचं घरटं पडलं, आतली वीट ढासळली, की वायू खोलीत परततो. शेगडीच्या वरच्या भिंतीवर तपकिरी डाग, पिवळी ज्वाला, बर्नर पेटवण्यासाठी कायम जळत ठेवलेली छोटी पायलटची ज्योत सारखी विझणं, खिडक्यांच्या काचांवर आतून खूप पाणी धरणं, यातलं काय दिसतं ते मुलीला विचारा.

यात कायदा मुलींच्या बाजूने आहे, आणि आपल्या मुलांना तो माहीत नसतो. घरमालकाने दर बारा महिन्यांनी गॅसची उपकरणं ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावी लागतात आणि त्या दाखल्याची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. घरात राहायला जाण्याआधीच ती हातात यायला हवी होती. इंजिनिअर आला की त्याचं ओळखपत्र मागायचं, कोणकोणत्या कामांचा परवाना आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये घरमालकाने अशा खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणंही सक्तीचं आहे. मुलगी संकोचाने मागत नसेल तर तुम्ही तिला सांगा की हे मागणं म्हणजे कटकट नाही.

अलार्म आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो. विकत घेताना नीट वाचा, एलपीजीच्या गळतीचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा. त्याचंही आयुष्य असतं, साधारण पाच ते दहा वर्षं, तारीख मागे छापलेली असते.

आणखी एक. अशा जुन्या घरात पाइपांवर किंवा बॉयलरभोवती पांढरट, तंतुमय लेप असेल तर त्याला हात लावायचा नाही, खरवडायचं नाही. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या घरांत ते असू शकतं. हलवलं नाही तर सहसा त्रास देत नाही, उडालेले तंतू फुप्फुसात गेले तर देतं.

प्रश्न: वडिलांचा तांब्याचा बंब फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवून वापरता येईल का? लाकूडफाटा गावाहून येतो. (वाचक, सातारा)

उत्तर: नको. बंबाच्या मधल्या नळीतून धूर सरळ वर जातो, म्हणजे वरच्यांच्या घरात. बाल्कनीला काचा असतील तर तुमच्याच घरात. गावच्या अंगणात जरूर वापरा, ते पाणी फार छान लागतं. फ्लॅटमध्ये घासून पुसून दर्शनी जागी ठेवा.

प्रश्न: विजेचा गीझर अठरा वर्षांचा आहे. त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळायचं, प्लंबरने तिथे बूच मारून दिलं. आता गळत नाही. बाकी उत्तम चालतो. (वाचक, डोंबिवली)

उत्तर: मेन स्विच बंद करा आणि हे उत्तर वाचून संपायच्या आत प्लंबरला बोलवा, पण दुसऱ्या. तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं, टाकीतला दाब वाढतो, तो दाब सोडण्यासाठीच तिथून थेंब येतात. बूच मारल्यावर दाबाला वाट राहिली नाही. थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडतोय तोवर निभावतं. अठरा वर्षांच्या गीझरचा थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकळत राहतं आणि गंजलेली टाकी फुटते. ती फुटते तेव्हा बाथरूमचं दार उडून जाईल एवढा जोर असतो.

बूच काढून नवा व्हॉल्व्ह बसवा. खूपच गळत असेल तर सोसायटीच्या पंपाचा दाब जास्त असेल, त्यासाठी दाब कमी करणारा वेगळा व्हॉल्व्ह मिळतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, घरात आहे का ते पाहायला सांगा. अठरा वर्षांनी आतली कॉइल उघडी पडून नळाच्या पाण्यात करंट उतरू शकतो. बूच निघून नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत गीझर चालू करायचाच नाही, आणि त्यानंतरही ही तपासणी होईपर्यंत अंघोळीआधी पाणी तापवून घ्यायचं, स्विच बंद करायचा आणि मगच नळाला हात लावायचा. माझं मत विचाराल तर व्हॉल्व्हवर खर्च करण्याऐवजी गीझरच बदला, आणि नवा बसवताना व्हॉल्व्हची गळती बादलीत किंवा मोरीत जाईल अशी छोटी नळी प्लंबरकडून जोडून घ्या, म्हणजे पुन्हा कोणाला बूच मारावंसं वाटणार नाही.